आपला जिल्हा आपल्याला किती ठाऊक आहे?

(स्नेहसंमेलनाच्या प्रसंगी पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले भाषण)





भूगोलाच्या तासाला आपली मुले नाईल नदीची लांबी घडाघडा सांगतात. पण आपल्या घरात येणारे पाणी कोणत्या नदीचे, असे विचारले की वर्ग गप्प होतो. म्हणून आज मी दूरच्या देशाविषयी न बोलता आपल्या वर्धा जिल्ह्याविषयी बोलणार आहे.

जिल्ह्याला नाव देणारी वर्धा नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते. आपल्या पश्चिमेची सीमा तीच आखते. पलीकडे अमरावती आणि यवतमाळ. पूर्वेला नागपूर, आग्नेयेला चंद्रपूर. क्षेत्रफळ सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर. आष्टी, कारंजा, आर्वी हा उत्तरेचा भाग डोंगराळ. गवळाऊ जातीची गुरे इकडचीच. दक्षिणेला हिंगणघाट, समुद्रपूरकडे सपाट काळी जमीन. वणा, धाम, बोर, यशोदा या नद्या याच मातीतून वाहतात. या काळ्या मातीने कापूस दिला, कापसाने हिंगणघाट व पुलगावच्या गिरण्या दिल्या. पण त्याच कापसाचा भाव पडला की शाळेची फी थांबते, हेही आपण घरोघरी पाहतो. भूगोल हा असा चुलीपर्यंत येतो.

इंग्रजांनी १८६२ साली नागपूरपासून वेगळा काढून हा जिल्हा केला. पहिले ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवले गेले. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ भरली. त्यांतले बहुसंख्य खेड्यांत राहतात. समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. तिथे हिंदू आणि मुसलमान दोघेही नवस फेडायला जातात. आपल्या जिल्ह्याची रीत समजायला तेवढी टेकडी पुरेशी आहे.

शिक्षणाच्या दृष्टीने तर या मातीचा मोठा मान आहे. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नव्या शिक्षणाचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन. हाताने काम करीत, मातृभाषेतून शिकावे, हा त्या ‘वर्धा योजने’चा गाभा. हेच झाकीर हुसेन साहेब १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. मुलांनो, एका शिक्षकाच्या त्या वाटेत आपले वर्धा लागते, हे विसरू नका. सेवाग्रामलाच १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले. ते आपल्या दारात आहे. पण त्या दारातून आत जाणारी आपली मुले किती, याचा हिशेब आपणच करायचा आहे.

आता कारभाराकडे वळतो. जिल्ह्यात आठ तालुके : वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी आणि कारंजा. कारभाराच्या वाटा दोन. एक महसुलाची : आपण ज्यांना तलाठी म्हणतो तिथून सुरू होऊन तहसीलदार, उपविभागीय अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांच्यापर्यंत. सातबारा आणि उत्पन्नाचा दाखला या वाटेवर मिळतो. दुसरी वाट लोकांनी निवडून द्यायच्या संस्थांची : ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. गावची शाळा, शाळेची खोली, अंगणवाडी हे विषय तिकडचे. शहरात हेच काम नगरपरिषद पाहते.

हे का सांगतो? आमच्याकडे दर जून-जुलैमध्ये पालक हातात कागद घेऊन येतात. शिष्यवृत्तीच्या अर्जाचे चार दिवस उरलेले असतात आणि उत्पन्नाचा दाखला काढलेला नसतो. कोणी मध्यस्थाला पैसे देऊन बसलेला असतो. त्याहून जिवाला लागणारी गोष्ट नावाची. जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरात दुसरे, आधारकार्डावर तिसरे. कुठे ‘शेख’ आधी, कुठे शेवटी. कुठे वडिलांचे नाव अर्धेच. उर्दूत एकच असलेले नाव मराठीत आणि इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिले जाते. आपल्या ओळखीची एक हुशार मुलगी बारावीनंतर प्रवेशाच्या वेळी याच एका अक्षरापायी महिनाभर कचेऱ्या झिजवत होती. वडिलांची मजुरी बुडाली ती वेगळीच.

शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत पुराव्यासह अर्ज करून ही दुरुस्ती करता येते. शाळा सोडल्यावर ती फार अवघड होते. म्हणून पालकांना माझी विनंती आहे. आज घरी गेल्यावर तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक दिसला तर या आठवड्यातच शाळेत या.

दुसरी विनंती ग्रामसभेची. शाळेला शिक्षक कमी आहेत, छत गळते, अशी तक्रार आपण चहाच्या टपरीवर करतो. ती ग्रामसभेत उभे राहून करा आणि लेखी द्या. बहिणींनीही जावे, महाराष्ट्रात पंचायतींतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. राज्यकारभाराची भाषा मराठी आहे. घरात उर्दू जरूर जपा, ती आपली दौलत आहे. पण मुलाला स्वच्छ मराठीत अर्ज लिहिता आलाच पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक अभ्यास देतो. आपल्या गावचा किंवा मोहल्ल्याचा नकाशा काढा. नाला, विहीर, शाळा, दवाखाना, पंचायतीची कचेरी दाखवा. खाली लिहा, कोणत्या कामासाठी कुठे जायचे. तो नकाशा घरात भिंतीवर लावा. पुढच्या वेळी अब्बांना दाखला हवा असेल तेव्हा वाट तुम्ही दाखवा.