नदीच्या तळचे दात



विहिरीत घागर पडली की आपल्याकडे आधी गळ टाकतात. गळाला घागर लागली नाही, तर एखादा पट्टीचा पोहणारा बुडी मारून ती वर आणतो. अशीच बुडी मारून नदीच्या तळातून लाखो वर्षांपूर्वीचे दात वर आणणारी माणसेही जगात आहेत. त्यांच्या या उद्योगातून मांजरेच्या खोऱ्यात राहणाऱ्या आपण काय घ्यावे, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात चार्ल्सटन शहराजवळ कूपर नावाची नदी आहे. तिचे पाणी कोऱ्या चहासारखे. खाली उतरले की स्वतःचा हातसुद्धा दिसेनासा होतो. भरती-ओहोटीमुळे प्रवाहाला ओढही फार. पाणबुडे पाठीला दाबलेल्या हवेची टाकी बांधून तळाशी जातात. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी अशा टाकीतून श्वासापुरती हवा देणारे उपकरण तयार केले, तेव्हापासून ही गोष्ट सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. भरती-ओहोटीच्या मधला शांत वेळ साधायचा, हातात दिवा धरायचा, वाहून जाऊ नये म्हणून तळात पेचकस रोवायचा आणि गोट्यांमध्ये चाचपडत राहायचे. मग कधीतरी तळहाताएवढा काळा, तिकोनी दात हाती लागतो. तो असतो मेगालोडन या राक्षसी शार्कचा. हा मासा सुमारे दोन कोटी तीस लाख वर्षांपूर्वीपासून छत्तीस लाख वर्षांपूर्वीपर्यंत समुद्रात वावरत होता.

दातच का सापडतात, असे आपण विचाराल. शार्कला कोकणात मुशी किंवा मोरी म्हणतात. तिचा सांगाडा हाडाचा नसतो, कूर्चेचा असतो. तो कुजून जातो. दात मात्र कठीण, आणि ते आयुष्यभर पडत आणि नवे येत असतात. एकाच माशाचे हजारो दात समुद्राच्या तळाशी गाळात पुरले जातात. पुढे समुद्र हटतो, नदी त्या जुन्या थरांना कापते, आणि धुऊन निघालेले जड दात गोट्यांबरोबर तळाशी साठतात.

या दातांनी एक मोठे शास्त्र जन्माला घालण्यास हातभार लावला आहे. युरोपात लोक त्यांना दगड झालेल्या जिभा समजत. १६६६ साली इटलीत फ्लॉरेन्स येथे निकोलस स्टेनो या डॅनिश वैद्याकडे एका प्रचंड शार्कचे डोके तपासणीसाठी आले. त्याने दात पाहिले आणि ओळखले, की त्या 'जिभा' म्हणजे असेच दात होत. पण समुद्रातल्या माशाचे दात डोंगरातल्या खडकात गेले कसे? या प्रश्नाचा पाठपुरावा करीत त्याने १६६९ साली सिद्धांत मांडला, की खडक थराथराने साचतात आणि खालचा थर आधीचा असतो. बघा, एका दाताने प्रश्न उभा केला, पण उत्तर मिळाले ते दात ज्या जागी होता त्या जागेकडे पाहून.

आता आपल्याकडे वळू. भारतात शार्कचे जुने दात मिळतात. ओडिशात बारिपदाच्या थरांत ते मिळाले आहेत. राजस्थानात जैसलमेरच्या खडकांत मिळालेल्या दातांवरून २०२१ साली एका नव्या जातीची नोंद झाली. घाटनांदूरला मात्र कोणी मेगालोडनचा दात शोधू नये. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. मेगालोडन पोहत होता त्या काळी इथे जमीनच होती.

पण म्हणून आपली नदी रिकामी नाही हो! नाशिक जिल्ह्यात आपल्या गावाचा एक नावबंधू आहे, नांदूर मध्यमेश्वर. तिथे गोदावरीच्या जुन्या गाळात प्राचीन हत्तीचे अवशेष मिळाले, आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या पिल्ग्रिम यांनी १९०५ साली त्यांची माहिती प्रसिद्ध केली. आपली मांजरा अखेर त्याच गोदावरीला मिळते. तिच्याही काठच्या जुन्या गाळात, लातूर जिल्ह्यात हरवाडीच्या परिसरात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना हत्तीचे, रानबैलाचे आणि पाणघोड्याचे अवशेष मिळाले आहेत.

पाणघोडा! या जनावराला बारमाही खोल पाणी लागते. उन्हात त्याची कातडी टिकत नाही. आणि याच मांजरेवरचे धनेगावचे धरण आटल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. नदी कोणत्या काळी कशी होती, केव्हा आटली, केव्हा भरली, याचा दाखला सरकारी दप्तरात मिळायचा नाही. तो त्या दातांत आणि त्यांच्याभोवतीच्या गाळात आहे. त्या काठांवर आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळतात. त्या माणसाने पाणघोडा डोळ्यांनी पाहिला होता का? दात आणि हत्यार एकाच थरात होते की वेगळ्या, यावर ते ठरते.

इथे धोका आहे. मांजरेची वाळू उपसली जाते. वाळूबरोबर दातही ट्रॅक्टरमध्ये चढतो आणि कोणाच्या तरी बांधकामावर जाऊन पडतो. समजा, तो तिथे कोणी ओळखला. हत्तीची दाढ ओळखणे कठीण नाही. जात्याला टाकी लावावी तशा तिच्यावर ओळीने रेघा असतात. पण ती कोणत्या काठाची, कोणत्या थराची, हे सांगणार कोण? मग ती नुसती कपाटात ठेवायची वस्तू झाली. दक्षिण कॅरोलायनात छंद म्हणून बुडी मारणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागतो, आणि काय सापडले, कुठे सापडले, हे दर तीन महिन्यांनी कळवावे लागते. छंदाला तिथे नोंदीची शिस्त लावली आहे.

आपल्याला टाकी बांधून बुडी मारण्याचे कारण नाही. उलट वाळूच्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नका. ते जिवावर बेतते. उन्हाळ्यात पात्र कोरडे असते, आणि पावसाने ढासळलेल्या काठात असे अवशेष उघडे पडतात. दगडासारखे जड हाड किंवा रेघांचा दगड दिसला, तर तो उपटू नका, फोडू नका, राक्षसाचे हाड म्हणून पाण्यात टाकू नका. हाती मोबाइल असतोच. जवळ एखादी काठी ठेवून जागेचे छायाचित्र घ्या, गाव, शिवार आणि तारीख लिहून ठेवा, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवा. शेतकऱ्याला बांधाची खूण जपायला शिकवावे लागत नाही. नदीकाठच्या या खुणाही त्याच काळजीने जपल्या, तर आपल्या नदीचा जुना इतिहास वाळूबरोबर विकला जाणार नाही.