ट्रॅक्टरवरचे जनित्र आणि खांबावरचा माणूस

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, तेव्हा कोल्हापूर-सांगली भागातील वीज उपकेंद्रांत पाणी शिरले. ज्यांच्या उंबऱ्याला पुराचे पाणी लागले नाही, तेही अंधारात बसले. २०२१च्या जुलैमध्ये त्याच खोऱ्याने पुन्हा पूर पाहिला. हा सारा ऊसपट्टा. येथे ट्रॅक्टरांना तोटा नाही. अंगणात उभ्या असलेल्या त्या ट्रॅक्टरात एक छोटे वीजघर दडलेले असते, याचे स्मरण मात्र थोड्यांनाच असते.

रोटाव्हेटर ज्या पीटीओच्या दांड्यावर फिरतो, त्यावरच जनित्र चालते. दांड्याची प्रमाणित गती मिनिटाला ५४० फेरे. चार ध्रुवांच्या जनित्राला ५० हर्ट्झच्या विजेसाठी १५०० फेरे हवेत. म्हणून मध्ये गती वाढवणारी गिअरपेटी असते. ढोबळ हिशेब असा, की एका किलोवॉटला पीटीओवरील दोन अश्वशक्ती धराव्यात. तीस अश्वशक्ती मिळत असतील, तर पंधरा किलोवॉटचे जनित्र निभते. गावच्या नळयोजनेचा पाच अश्वशक्तीचा पंप त्यावर चालेल. पण मोटर सुरू होताना पाच-सहापट प्रवाह ओढते, यास्तव पंप आधी आणि दिवे मागाहून. गती हाताच्या ॲक्सिलरेटरने स्थिर ठेवावी व मीटरवर नजर असावी. फिरत्या दांड्यावर आवरण हवेच. तो सेकंदाला नऊ फेरे घेतो. पदर वा धोतराचा सोगा अडकला, तर ओढून काढण्यास अवधीच उरत नाही.

याहून मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. उत्साहाच्या भरात जनित्राची तार सरळ घरच्या वा शाळेच्या बोर्डात खोचली जाते. मेन स्विच चालू राहिला, तर वीज उलट दिशेने डीपीकडे धावते. अकरा हजार व्होल्टचे ४३३ करणारा ट्रान्सफॉर्मर उलटाही तितक्याच इमानाने चालतो; वरच्या तारेत पुन्हा हजारो व्होल्ट उभे राहतात. गावाचा भार येताच जनित्र आपोआप बंद पडेल, असा काहींचा भरवसा असतो. पण पुरात तारा तुटलेल्या असतात आणि पुढे भारच उरलेला नसतो. त्या तुटक्या तारेवर, चिखलात खांब उभा करणारा वायरमन काम करीत असतो. वीज उपकेंद्राकडून येईल, एवढेच त्याने गृहीत धरलेले असते.

यावर उपाय चेंजओव्हर स्विचचा. तो एका वेळी एकच बाजू जोडतो. दोन्ही बाजू एकत्र येऊच देत नाही. तीन फेजसाठी न्यूट्रलही तोडणारा, चार पोलचा घ्यावा. जनित्राला स्वतंत्र अर्थिंग द्यावे आणि ते जोडण्यापूर्वी महावितरणच्या वायरमनला कळवावे. हे सारे मे महिन्यात, जमीन कोरडी असताना, परवानाधारक माणसाकडून करून घ्यावे. पाणी चढू लागल्यावर तो गावात पोहोचू शकत नाही.