भरपाई कोणी द्यावी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत एखादे पुष्प गुंफावे, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणिसांनी केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली. संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास यांवर बोलणारे अधिकारी वक्ते या व्यासपीठाला नेहमीच लाभले आहेत. मी केंद्रसरकारच्या सेवेत तीन दशके काढलेला एक साधा बी. ए. माणूस. विधिज्ञ मी नव्हे. परंतु सरकार नावाची वस्तू आतून पाहिलेली असल्यामुळे एक प्रश्न माझ्या मनात वर्षानुवर्षे घर करून आहे. सरकारी माणसाच्या हातून, विशेषतः पोलिसांच्या हातून, नागरिकावर अन्याय झाला, तर त्याची भरपाई कोणी द्यावी? आणि दिलेली भरपाई योग्य की अयोग्य, हे कोणी तपासावे?

हा प्रश्न झांशीत विचारण्यास विशेष औचित्य आहे. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव निवर्तले. दत्तकविधान यथाशास्त्र झाले असतानाही १८५४ साली डलहौसीने झांशी खालसा केली. राणीसाहेबांनी तलवार उचलली ती पुढे १८५७ मध्ये. त्याआधी त्यांनी लेखणीच उचलली होती. एकामागून एक खलिते त्यांनी धाडले, जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला. उत्तर आले ते दरमहा पाच हजार रुपयांच्या तनख्याचे. ज्याने राज्य घेतले त्याच्याकडेच दाद मागावयाची, अशी ती अवस्था होती. मध्ये तिऱ्हाईत न्यायाधीश नव्हता.

दुसऱ्या एका मराठी गादीची कथा याहून बोलकी आहे. तंजावरचे शिवाजीराजे १८५५ साली निपुत्रिक वारले. कंपनीने राज्याबरोबर त्यांची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या न्यायालयात दावा लावला आणि तेथे त्यांची बाजू मान्यही झाली. पण १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. सरकारने राजसत्ता म्हणून केलेले कृत्य न्याय्य असो वा अन्याय्य, त्याची चौकशी करण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही, असे त्या निर्णयाचे सार होते. ‘राजा काळस्य कारणम्’ हे वचन आपण लहानपणी पाठ केले. इथे ते कायद्याच्या भाषेत अवतरले.

दोनच वर्षांनी, १८६१ मध्ये, कलकत्त्यास एका घोड्यापायी या सिद्धान्ताला थोडी मुरड पडली. खिदिरपूरच्या सरकारी गोदीतील मजुरांच्या निष्काळजीपणामुळे पी. अँड ओ. या जहाजकंपनीच्या गाडीचा घोडा जखमी झाला. नुकसान साडेतीनशे रुपयांचे. मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी सरकारला जबाबदार धरले. गोदी चालविणे हा व्यापाऱ्यासारखा व्यवहार, तेथे सरकारने व्यापाऱ्याप्रमाणे भरपाई द्यावी; मात्र सार्वभौम सत्तेच्या वापरात झालेल्या नुकसानीबद्दल सरकारवर दावा चालणार नाही, असा भेद त्यांनी केला. राज्यघटनेच्या ३०० व्या अनुच्छेदाने सरकारवर दावा लावण्याविषयीची जुनी स्थिती पुढे चालू ठेवली, आणि त्यामुळे हा भेद स्वतंत्र भारतातही मुक्कामास आला.

त्याचे फळ एका सराफाला मिळाले, आणि तेही आपल्याच उत्तरप्रदेशात. १९४७ च्या २० सप्टेंबरला अमृतसरच्या एका पेढीचे भागीदार सोनेचांदी विकण्यासाठी मीरतला उतरले. फाळणीचे ते दिवस. मध्यरात्री बाजारातून जाताना पोलिसांनी त्यांना अडविले, कोतवालीत नेले, आणि जवळचा माल जप्त केला. दुसऱ्या दिवशी त्यांची जामिनावर सुटका झाली, चांदी परत मिळाली. पण १०३ तोळे ६ मासे १ गुंज एवढे सोने परत मिळाले नाही. मालखान्याचा ताबा असलेल्या हेड कॉन्स्टेबलने ते लांबविले आणि तो ऑक्टोबरात पाकिस्तानात पसार झाला. पेढीने दावा केला. खालच्या न्यायालयाने व्याजासह ११,४३० रुपये १० आण्यांचा हुकूमनामा दिला, उच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘कस्तुरीलाल’ खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे.

निकाल दिला तो साताऱ्यात जन्मलेल्या एका थोर मराठी न्यायाधीशाने, सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी. दिनांक २९ सप्टेंबर १९६४. पोलिसांनी निष्काळजीपणा केला, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु अटक, झडती, जप्ती आणि जप्त मालाची राखण ही कायद्याने दिलेली सार्वभौम सत्तेची कामे आहेत, म्हणून सरकार भरपाईस बांधलेले नाही, असे त्यांनी ठरविले. त्याआधी दोनच वर्षे, १९६२ साली, उदयपूरच्या कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परत आणताना ड्रायव्हरने एका पादचाऱ्यास उडविले, तो दगावला, आणि त्याच्या विधवेला १५,००० रुपये देण्याचा निर्णय याच न्यायालयाने कायम केला होता. म्हणजे सरकारी जीपने मारले तर भरपाई, आणि सरकारी कोठडीत लुबाडले तर नाही! गजेंद्रगडकरांना ही विसंगती दिसत नव्हती असे नाही. इंग्लंडने १९४७ सालीच राजसत्तेला जबाबदार धरणारा कायदा केला आहे, आपल्या विधिमंडळांनीही तसा विचार करावा, असे त्यांनी निकालपत्रात बजावले. १९६५ आणि १९६७ साली तशी विधेयके आलीही. पण कायदा झाला नाही, आणि तो अद्यापि झालेला नाही. आम्हा सरकारी नोकरांच्या भाषेत सांगावयाचे तर, फाईल ‘विचाराधीन’ राहिली.

मग वाट निघाली कोठून? ती दुसऱ्या एका मराठी सरन्यायाधीशांच्या लेखणीतून निघाली. पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्यापुढे १९८३ साली बिहारातील रुदुल साह यांचे प्रकरण आले. मुजफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने ३ जून १९६८ रोजी त्यांना निर्दोष सोडले होते. तुरुंगाबाहेर ते आले १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. निर्दोष ठरल्यानंतर चौदा वर्षांहून अधिक काळ तुरुंगवास! सुटका तर झालीच आहे, आता भरपाई हवी तर दिवाणी दावा करा, असे सांगून हात झटकणे सोपे होते. चंद्रचूडांनी तसे केले नाही. केवळ सुटकेचा हुकूम देऊन थांबलो तर घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील हक्क पोकळ ठरेल, असा विचार मांडून त्यांनी आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज आणखी ३०,००० रुपये राज्यसरकारने द्यावेत असा आदेश दिला. ही रक्कम म्हणजे तात्पुरती फुंकर आहे, पुऱ्या नुकसानीसाठी दावा करण्याचा मार्ग खुला आहे, हेही स्पष्ट केले. चौदा वर्षांचे मोल पस्तीस हजार होऊ शकत नाही. पण दार किलकिले झाले.

त्या दारातून पुढे अनेकजण आत आले. विधानसभेत जाता येऊ नये म्हणून पोलिसांनी अडकवून ठेवलेल्या जम्मू-काश्मीरच्या एका आमदारांना १९८५ साली ५०,००० रुपये मिळाले. पोलिसांच्या मारहाणीत नऊ वर्षांचे मूल गमावलेल्या दिल्लीतील मातेस १९९० साली ७५,००० रुपये मिळाले. आणि १९९३ साली ओरिसातील नीलबती बेहरा या मातेच्या प्रकरणात न्यायालयाने सिद्धान्तच मांडला. त्यांच्या २२ वर्षांच्या मुलाला पोलिसांनी चौकीत नेले, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा देह रेल्वेरुळावर सापडला. तिने न्यायालयाला पत्र लिहिले, तेच याचिका म्हणून स्वीकारण्यात आले, आणि दीड लाख रुपयांची भरपाई ठरली. मूलभूत हक्कांचा भंग झाला असेल तेथे सार्वभौमत्वाची ढाल सरकारला पुढे करता येणार नाही. ‘कस्तुरीलाल’चा नियम साध्या दिवाणी दाव्यापुरता, असे तेथे निःसंदिग्ध झाले.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे वळतो; कारण मी सरकारी अधिकारी आहे आणि दोन्ही पारडी पाहणे मला भाग आहे. भरपाई द्यावयाची ती कोणाच्या खिशातून? याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात मिळते. कच्च्या कैदेतील एका आरोपीला बेड्या घालून, दंडांना दोर बांधून रस्त्यातून फिरविण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने त्या पोलिस निरीक्षकाने स्वतः १०,००० रुपये द्यावेत आणि त्याच्या सेवापुस्तकात तशी नोंद व्हावी, असा आदेश दिला. राज्यसरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९१ सालच्या ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध रविकांत पाटील’ या निर्णयाने आरोपीच्या हक्काचा भंग झाला, हे मान्य केले आणि रक्कमही कायम ठेवली. परंतु निरीक्षकाने हे अधिकारपदावरून केले असल्यामुळे पैसे राज्याने द्यावेत, अधिकाऱ्याचा दोष किती हे रीतसर चौकशीनंतर ठरवावे, असा पालट केला.

मला हा निर्णय समतोल वाटतो. अधिकाऱ्याच्या पगारावर विसंबले तर पीडिताच्या हाती पैसा पडेलच याची शाश्वती नाही. आणि बाजू मांडण्याची संधी न देता कोणाच्याही सेवापुस्तकात शेरा मारणे हाही अन्यायच. मात्र याची उलट बाजू विसरू नये. राज्याने द्यावयाचे म्हणजे तुम्ही-आम्ही भरलेल्या करातून द्यावयाचे. त्यानंतरची चौकशी झालीच नाही, तर भरपाई ही गुन्ह्याची किंमत ठरते आणि गुन्हेगार मोकळा राहतो. दिल्लीच्या प्रकरणात न्यायालयाने दोषी अधिकाऱ्यांकडून वसुलीची मुभा ठेवली होती. ती मुभा कागदावरच राहते की काय, हे विचारण्याचा हक्क करदात्याला आहे.

तद्वतच, प्रत्येक आरोप खरा असतो असेही नाही. म्हणून २००६ सालच्या ‘सुबेसिंग’ निर्णयात न्यायालयाने हात आखडता घेतला. हक्कभंग स्पष्ट आणि निर्विवाद आहे काय, तो मनाला धक्का देण्याइतका गंभीर आहे काय, मृत्यू, वैद्यकीय दाखला किंवा अंगावरील खुणा असा काही आधार आहे काय, हे पाहूनच भरपाई द्यावी. एरवी दिवाणी वा फौजदारी न्यायालयाचा रस्ता धरावा, असे तेथे म्हटले आहे. पोलिसांवर खोटी तक्रार करून तपासच खिळखिळा करू पाहणारे असतात, हे खरे. पण कोठडीच्या चार भिंतींआड साक्षीदार कोठून आणावा, हेही तितकेच खरे. या दोन सत्यांमध्ये न्यायाधीशाला तराजू धरावा लागतो.

१९९३ पासून मानवाधिकार आयोगही भरपाईची शिफारस करू शकतात. ती शिफारस सरकारने बासनात बांधून ठेवावी काय? २०१६ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने, म्हणजे झांशी ज्याच्या कक्षेत येते त्याच न्यायालयाने, नाही असे उत्तर दिले. आयोगाचा आदेश म्हणजे पसंत पडल्यास घ्यावा असा सल्ला नव्हे. तो पटत नसेल तर सरकारने न्यायालयात आव्हान द्यावे, पण दुर्लक्ष करू नये, असा त्याचा आशय. त्या खंडपीठाचे प्रमुख होते मुख्य न्यायाधीश धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानेही २०२१ साली राज्य आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक असल्याचे ठरविले. पुनर्विलोकनाचा खरा अर्थ हा आहे. सरकारलाही दाद मागता यावी, परंतु स्वतःच्या खटल्याचा न्यायाधीश त्याने होऊ नये. १८५४ साली झांशीच्या राणीला जे मिळाले नाही, ते हेच.

बंधुभगिनींनो, घरापासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना यातून काय घेता येईल? एकच गोष्ट सांगतो. १९९६ च्या डिसेंबरात ‘डी. के. बसू’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी अकरा दंडक घालून दिले. अटकेचा पंचनामा करावा आणि त्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा त्या वस्तीतील प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यावी. आप्त परजिल्ह्यात असतील तर आठ ते बारा तासांत त्यांना कळवावे. कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. ‘तारेने कळवावे’ असे मूळ शब्द होते. तार २०१३ साली बंद झाली, पण कर्तव्य बंद झालेले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही पंचनामा आणि साक्ष यांची तरतूद आहे.

‘वस्तीतील प्रतिष्ठित माणूस’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. नोकरीसाठी नुकताच इकडे आलेला एखादा मराठी मुलगा, ज्याचे आईबाप नांदेडला किंवा सावंतवाडीला आहेत, त्याच्यासाठी मध्यरात्री ठाण्यावर जाऊन त्या कागदावर सही करणारा माणूस कोण? तो आपणच असावयास हवा. आणि मुलगा मराठी नसला, शेजारच्या बुंदेली घरातला असला, तरीही आपणच. पन्नास वर्षे ज्या मातीने आपल्याला सांभाळले, तिचे ऋण गणपतीच्या प्रसादाइतकेच अशा एका सहीनेही फिटते.

भरपाई ही शेवटची पायरी आहे. पैशाने गेलेला मुलगा परत येत नाही, चौदा वर्षेही परत येत नाहीत. न्यायालयाला रक्कम ठरविण्याची वेळच येऊ नये, यासाठी वेळेवर ठाण्यावर पोचलेला एक शांत, कायदा जाणणारा शेजारी फार मोलाचा असतो. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत असे शेजारी येथे निपजोत, एवढी प्रार्थना करून आपली रजा घेतो. जय हिंद, जय महाराष्ट्र.