अवेळी येणारे दूध

अंबड-परतूरकडच्या बाया ही तक्रार घेऊन येतात तेव्हा आधी कंबरदुखी सांगतात. खरी गोष्ट निघते उठता उठता. मूल अंगावर पीत नाही, दिवस गेलेले नाहीत, तरी दोन्ही स्तनांतून दूध येते. घरात मग नको त्या शंका! मी पहिल्यांदा गोळ्यांची पिशवी उलटी करायला सांगते. अॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पुष्कळदा लिव्होसल्पिराइड किंवा डोम्पेरिडोन असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवरचा डोपामिनचा लगाम त्याने सैल होतो, प्रोलॅक्टिन वाढते, दूध उतरते, पाळीही चुकते. डॉक्टरांना विचारून औषध बदलले की ते बहुधा थांबते. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही असे होते. त्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. थायरॉइड कमी पडणे, पिट्युटरीवरची छोटी गाठ हीही कारणे. ही गाठ सहसा कर्करोगाची नसते, औषधाने आटोक्यात येते.

पण एकाच स्तनातून, न दाबता, रक्त किंवा पाण्यासारखा स्राव आला तर थांबू नका. पुष्कळदा दुग्धनलिकेत चामखिळीसारखी साधी वाढ असते, कधी कर्करोगही. सोनोग्राफी, मॅमोग्राफी करून घ्यावीच लागते. आणि अजून येते का म्हणून रोज दाबून पाहू नका, त्यानेही ते चालू राहते.