हृदयाच्या ठोक्यांतून वीज

पेसमेकर ही छातीच्या कातडीखाली बसवलेली धातूची चपटी डबी. हृदयाची गती मंदावली की तारेतून विजेचा हलका झटका देऊन ती ठोका घडवून आणते. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना लाभला, आणि काही तासांतच बंद पडला. लार्सन २००१ पर्यंत जगले, पण तोवर वीसहून अधिक यंत्रे बदलावी लागली.

आजची लिथियमची बॅटरी साधारण आठ-दहा वर्षे टिकते. ती संपली की डबीच बदलतात, म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया. पवनी तालुक्यातील आसगावसारख्या गावच्या वृद्धासाठी ही शहराची वारी, खर्च आणि जंतुसंसर्गाची धास्ती लहान नाही.

वास्तविक पेसमेकरची भूक फार थोडी: दहा मायक्रोवॅट किंवा त्याहूनही कमी. दहा मायक्रोवॅट म्हणजे एका वॅटचा लाखावा भाग. एवढी वीज हृदयाच्या हालचालीतूनच मिळवता येईल का, हा प्रश्न संशोधकांना खुणावतो.

त्याच्या उत्तराचा पाया १८८० साली पिएर आणि झाक क्युरी या भावंडांनी घातला. काही स्फटिक दाबले किंवा वाकवले की त्यांच्यावर विद्युतभार येतो, हे त्यांनी दाखवले. गॅस लायटरची ठिणगी याच गुणाने पडते. अशा पदार्थाची पातळ पट्टी कंपनाने वाकत राहिली की वीज मिळते.

अडचण लयीची आहे. झोक्याला त्याच्या लयीतच धक्का द्यावा लागतो. तशीच प्रत्येक पट्टीची स्वतःची लय असते. लहान पट्टी सेकंदाला शेकडो वेळा थरथरते, हृदय मात्र सेकंदाला जेमतेम एकदा. शिवाय चालताना, झोपेत, तापात त्याची गती बदलते. मिशिगन विद्यापीठात अमीन करामी आणि डॅनियल इन्मन यांनी पट्टीला चुंबकांची जोड दिली, त्यामुळे ठोके कमी-जास्त झाले तरी वीज मिळत राहते. २०१४ मध्ये जॉन रॉजर्स, जनान दादेविरेन आणि सहकाऱ्यांनी लवचिक पट्ट्या थेट गाय, मेंढी व डुकराच्या हृदयावर बसवल्या. २०१९ मध्ये चीनमधील संशोधकांनी डुकराच्या हृदयाच्या हालचालीतून मिळालेल्या विजेवर पेसमेकर चालवून दाखवला. ही सर्वांत आशादायक पायरी.

मात्र या पट्ट्यांत बहुधा शिसेयुक्त पदार्थ असतो, आणि शिसे शरीरात नको. पुण्याच्या आयसर संस्थेत राममूर्ती बूमिशंकर यांचा गट शिसेविरहित सेंद्रिय स्फटिकांवर काम करतो, म्हणूनच ते काम मोलाचे. दुसरी कसोटी टिकाऊपणाची. हृदय वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा धडधडते. पट्टीने तितक्या वेळा न मोडता वाकायला हवे, आणि हृदयाच्या हालचालीला अडथळाही होता कामा नये. त्यामुळे सध्या हे तंत्र प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरील चाचण्यांतच आहे.