नंबर कशाला हवा?

(शहाड येथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वकील नाही की कॉम्प्युटरवाली नाही. बारावीनंतर दोन वर्षं मी कल्याणला एका कपड्यांच्या दुकानात बिलाच्या काउंटरवर बसत होते. आज जे सांगणार आहे ते त्या खुर्चीवरून दिसलेलं आहे. नंतर वाचलेलं थोडं त्यात मिसळलंय.

रमजानचे शेवटचे दहा दिवस तुम्हाला माहीत आहेत. इफ्तारनंतर दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अशा गर्दीतही प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचं, "मोबाईल नंबर सांगा." नंबर टाकल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे जात नसे. कोणी नाही म्हणालं तर आम्ही दहा वेळा नऊ दाबायचो. पण संध्याकाळी मॅनेजर मोजायचे, आज किती खरे नंबर आले, किती नऊ-नऊ. नऊ जास्त झाले की बोलणी खावी लागत. म्हणून आम्ही म्हणायचो, "आपा, नंबराशिवाय बिल निघत नाही." हे खोटं होतं आणि ते मी रोज बोलले.

पुढच्या वर्षी रमजानच्या आधी मॅनेजरांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुला नावावरून कळेल. आपल्या गिऱ्हाइकांतले मुस्लिम वेगळे काढ, ईदच्या ऑफरचा मेसेज पाठवायचाय." माणूस वाईट नव्हता, ईदला मला बोनसही दिला होता. मी एका दुपारी बसून यादी केली. नाव, नंबर, राहण्याचा भाग. शहाड, आंबिवली, मोहने, कल्याणची दूधनाका-गोविंदवाडी. चारशेच्या वर नावं झाली. त्यात माझ्या अम्मीचंही होतं. फाईलला नाव दिलं "ईद". कॉम्प्युटरचा पासवर्ड मॉनिटरलाच चिकटवलेला होता. मी नोकरी सोडली. ती फाईल आज कुठे आहे, मला माहीत नाही.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, नंबरच तर आहे, आपल्याला काय लपवायचंय? मीही हेच म्हणायचे. मग २००२ च्या गुजरातबद्दलचा ह्यूमन राइट्स वॉचचा अहवाल वाचला. हल्लेखोरांच्या हातात मुस्लिमांची घरं आणि दुकानं कुठे आहेत याच्या छापील याद्या होत्या, असं त्यात नोंदवलंय. त्या याद्याही दुसऱ्याच कुठल्या कामासाठी कोणीतरी तयार केल्या असणार. माझी यादी मेसेज पाठवण्यासाठी होती. पण यादी कशासाठी केली होती, हे यादीवर लिहिलेलं नसतं.

फोनचंही तेच. नमाजच्या वेळा आणि किबल्याची दिशा दाखवणारं 'मुस्लिम प्रो' हे ॲप जगभर वापरलं जातं. नोव्हेंबर २०२० मध्ये मदरबोर्ड या संकेतस्थळाने बातमी दिली की त्या ॲपमधून माणसं कुठे आहेत ही माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात होती, आणि एक्स-मोडच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्करासाठी काम करणारे ठेकेदार होते. बोभाटा झाल्यावर ॲपवाल्यांनी तो व्यवहार बंद केला. किबला कळायला आपण कुठे उभे आहोत हे सांगावंच लागतं. ते कोणी विकावं, असं कुणी म्हटलं होतं?

आता कायदा. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. त्याच वर्षी मसुदा करायला समिती नेमली होती, अध्यक्ष न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण. हो, तेच, ९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणारे. त्यांनी २०१८ मध्ये मसुदा दिला. सरकारने त्यात फेरफार करून पुढच्या वर्षी संसदेत विधेयक आणलं, तेव्हा सरकारी यंत्रणांना दिलेल्या सवलतींवर खुद्द श्रीकृष्णांनीच जाहीर टीका केली. शेवटी २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि मुख्य तरतुदी लागू होणार मे २०२७ मध्ये.

या कायद्यातली एक गोष्ट मला फार आवडली, कारण ती थेट काउंटरवरची आहे. कायद्यातच उदाहरण दिलंय: एक बाई औषधाच्या दुकानात जाते, स्वतःहून नंबर देते आणि पैसे मिळाल्याची पावती मेसेजने पाठवा म्हणते. दुकानदाराने तो नंबर त्या पावतीसाठी वापरावा. ऑफरसाठी हवा तर वेगळं विचारा, आणि ज्या कामासाठी विचारलं तेवढ्यालाच वापरा. संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागता येतो, म्हणजे मराठीतही आणि उर्दूतही. दिलेली संमती मागे घेता येते, माहिती पुसून टाका म्हणता येतं. सुरक्षिततेत हयगय केली तर दंड २५० कोटींपर्यंत. फक्त तो जातो सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला या कायद्याने एक रुपयाही भरपाई नाही.

भोकं आणखी आहेत. जे तुम्ही स्वतः जाहीर केलंय, त्याला हा कायदा लागूच होत नाही. १ जानेवारी २०२२ आठवा. 'बुल्ली बाई' नावाच्या ॲपवर शंभराहून जास्त मुस्लिम बायकांचे फोटो "लिलावाला" लावले होते. त्याआधी जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' झालं होतं. फोटो कुठून घेतले? त्या बायकांच्या स्वतःच्या सोशल मीडियावरून. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने फौजदारी कलमं लावली, अटका झाल्या, पकडलेली मुलं विशीच्या आसपासची होती. ते झालं हे चांगलंच. पण माहिती संरक्षणाचा म्हणून जो कायदा नंतर आला, तो अशा फोटोपाशी येऊन म्हणतो, तूच तर टाकला होतास.

हे वाक्य आपल्या घरातही ऐकू येतं, म्हणून बोलते. बुल्ली बाईनंतर किती भावांनी बहिणींची खाती बंद करायला लावली! गुन्हा दुसऱ्याचा आणि फोन हिचा काढून घेतला. बहिणीचा फोन तपासणारा भाऊ "कंपन्या आपली माहिती चोरतात" म्हणून रागावतो, तेव्हा मला हसू येतं. नव्या कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची खात्रीशीर संमती लागेल. पाचवीतल्या मुलासाठी ठीक आहे. पण सतरा वर्षांची मुलगी पाळीबद्दल किंवा छळाबद्दल मदत शोधत असेल, तर तिने अब्बांना विचारून शोधायचं? यावर आपल्यात भांडण व्हायला हवं, आणि आज झालं तर मला आवडेल.

२०२७ पर्यंत गप्प बसायचं कारण नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानांना बजावलंय की बिलासाठी नंबरची सक्ती ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. सक्ती केली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मात्र काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नका. तिला संध्याकाळी मोजून द्यायचे असतात.

परवा शहाड स्टेशनजवळ एका मेडिकलमध्ये अम्मीची गोळी घ्यायला गेले होते. काउंटरवरच्या मुलीने नंबर मागितला. मी विचारलं, "कशाला?" ती म्हणाली, "ताई, त्याशिवाय पुढे जातच नाही." मी म्हटलं, "दहा वेळा नऊ दाब." ती मॅनेजरकडे बघून हळूच हसली आणि म्हणाली, "आज सात झालेत आधीच."