‘काई नाई, घरीच रायतो’

विद्यार्थी असताना एका सर्वेक्षणासाठी मी वऱ्हाडातल्या एका खेड्यात घरोघर फिरत होतो. एका ओसरीवर बाई नुकत्याच येऊन टेकल्या होत्या. शेजारी खुरपं, पात्याला ओली माती. मी विचारलं, “तुम्ही काय करता?” म्हणाल्या, “काई नाई जी, घरीच रायतो.” मी रकान्यात ‘गृहिणी’ लिहिलं आणि पुढचं दार गाठलं. खुरपं मला दिसलं होतं, पण माझ्या कागदावर त्याला जागा नव्हती.

पत्रिकेत आजचा विषय ‘समाजशास्त्रातील अन्वयार्थवादी दृष्टिकोन’ असा भारदस्त छापलाय. घाबरू नका, बोलायचंय ते त्या खुरप्याबद्दलच.

मॅक्स वेबरनं लाकूड फोडणाऱ्या माणसाचं उदाहरण दिलंय. कुऱ्हाड चाललेली कुणालाही दिसते. पण तो मजुरीवर आलाय, घरच्या चुलीसाठी फोडतोय, की कुणावरचा राग ओंडक्यावर काढतोय? घाव तेच, कृती वेगळी. करणाऱ्याच्या लेखी तिचा अर्थ काय, हे कळल्याशिवाय समाजशास्त्राचं काम सुरूच होत नाही, असं त्याचं म्हणणं. अन्वयार्थवाद म्हणतात तो हाच.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला एमील द्यूरकेम. १८९७ साली त्याचा आत्महत्येवरचा ग्रंथ आला. इतकी खासगी वाटणारी गोष्ट, पण तिचं प्रमाण समाजाच्या घडणीवर ठरतं, हे त्याला आकड्यांनी दाखवायचं होतं. त्यासाठी भाचा मार्सेल मोसनं सुमारे २६,००० नोंदी वर्गवार लावून दिल्या. प्रोटेस्टंटांत प्रमाण जास्त, कॅथलिकांत कमी. एकट्यांत जास्त, कुटुंबवत्सलांत कमी. युक्तिवाद इतका देखणा, की आजही वाचताना मान डोलते.

सत्तर वर्षांनी, १९६७ मध्ये, जॅक डग्लसनं साधी शंका काढली. या नोंदी केल्या कुणी? ज्या समाजात आत्महत्या हे पाप, तिथं घरचे आणि डॉक्टर मिळून ‘अपघात’ म्हणणार नाहीत कशावरून? आणि ज्याला गोतावळा मोठा, त्याच्यासाठी झाकपाक करणारे हातही जास्त!

मग इंग्लंडात मॅक्सवेल अॅटकिन्सन थेट कॉरोनरांकडे गेला. मुंबईतल्या जुन्या मंडळींना कॉरोनरचं कोर्ट आठवत असेल. १९९९ पर्यंत ते होतं. संशयास्पद मृत्यू कशानं झाला, हे ठरवणारा हा अधिकारी. अॅटकिन्सननं पाहिलं, की ही माणसं ठरावीक खुणा शोधतात. चिठ्ठी आहे का? मृत्यू कुठं, कसा आला? माणूस एकटा होता का, खचलेला होता का? म्हणजे आत्महत्या कोण करतं, याचा एक आडाखा कॉरोनरच्या डोक्यात आधीच असतो आणि त्यावरून तो नोंद करतो. नंतर अभ्यासक येतो, नोंदी मोजतो आणि जाहीर करतो, की एकटी, खचलेली माणसं जास्त आत्महत्या करतात. आपणच पुरलेला हंडा आपणच उकरून काढायचा आणि गुप्तधन सापडलं म्हणून नाचायचं!

हसू नका. आपल्याकडे शेतकरी आत्महत्यांच्या प्रकरणांत गेली दोन दशकं ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द चालतात. तलाठी, पोलीस, तहसीलदार यांचे कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातात. नापिकी होती का, मान्यताप्राप्त कर्ज होतं का, तगादा होता का? हे जुळलं तर कुटुंबाला सरकारी मदत मिळते. हातउसने घेतले असतील, विनापरवाना सावकाराचे असतील, तर कागद कुठून आणणार? माणूस गेलेला असतो एकाच तऱ्हेनं. तो शेतीपायी गेला की नाही, हे टेबलावर ठरतं.

म्हणून आकडे फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे काही अन्वयार्थवादी आहेत आणि मला ते चैनीखोर वाटतात. आकडाच नसता, तर विदर्भाकडे मुंबई-दिल्लीनं वळूनही पाहिलं नसतं. माझा आग्रह एवढाच, की आकडा वाचण्याआधी तो भरणाऱ्याच्या खुर्चीत जरा बसून पाहावं.

पण यात एक गोची आहे आणि ती माझ्यावरच शेकली. पुढं शहाणपण आलं, तेव्हा मी त्याच ओसरीवर पुन्हा गेलो. मोठ्या आवेशात बाईंना म्हटलं, “मागं माझं चुकलं. तुम्ही गृहिणी नाही, शेतकरी आहात. तसं लिहितो आता.” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग खुरपं उचलून आढ्याला खोचत म्हणाल्या, “लिवा बापा काईबी. पन वावर तं सासऱ्याच्या नावानं हाये. आन् निंदनाले काम म्हन्तेत का? ते तं रोजचंच हाये.”

माझं पेन उघडंच होतं.